ऑटिझम असलेल्या मुलाला वाचनालयात नेण्याबद्दल, कुणाचा अनुभव आहे का?

चिऊताई७

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचत होते, लिहितेय आज पहिल्यांदा, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा साडेदहा वर्षांचा. ऑटिझम आहे. हवं ते मागतो, पण गप्पा अशा नाहीत. वाचतो मात्र धाडधाड. शिकला कधी ते आम्हालाही कळलं नाही, रिक्षातून जाताना दुकानांच्या पाट्या म्हणायला लागला तेव्हा उलगडा झाला. सध्या वेड नद्यांचं. कुठली कुठे उगम पावते, कुणाला मिळते. 'कासारी कुंभी तुळशी भोगावती' हे आमच्या घरात दिवसातून चाळीस वेळा होतं, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळाली की मग जेवायचं.

तर आमच्या इथलं वाचनालय, नाव नको, जुनं आहे, चांगलं आहे, घरापासून चालत दहा मिनिटं. अनामत भरली, वर्गणी भरली, बालविभागाचं कार्ड केलं. पहिल्या दोन वेळा झकास. तिसऱ्यांदा नद्यांचं पुस्तक परत केलं आणि त्याला तेच लगेच परत हवं होतं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या एकच पुस्तक लागोपाठ देत नाही, बाकीच्या सभासदांना पण मिळायला हवं. मी म्हटलं अहो मागणी आहे का कुणाची, तर म्हणे नियम आहे. तोवर याने कानावर हात ठेवून एकसुरी ऊऊऊ सुरू केलं होतं. पेपर वाचणारे एक आजोबा उठले नि म्हणाले, याला घरी बसवा, हे वाचनालय आहे. मी त्याला जवळजवळ ओढतच बाहेर काढलं. घरी आल्यावर बघते तर माझ्या पायात एक चप्पल माझी आणि एक दुसऱ्याच कुणाची.

भांडायचं नाहीये मला. भांडून जिंकले तरी दर आठवड्याला तिथेच जायचंय. पण विचारायचंय की कायद्याने काही आहे का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नेमकं मागायचं काय? 'माझ्या मुलाला समजून घ्या' म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि पुढच्या वेळी तेच.

शिक्केवाला

ताई, मी तालुक्याच्या ठिकाणी ब वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, बावीस वर्षं झाली. तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलतो कारण खरी मेख तिथेच आहे. काउंटरवरच्या माणसाला 'समजून घ्या' म्हटलं तर त्याला काही कळत नाही, 'हे पुस्तक याच्या नावावर चार आठवडे ठेवा' म्हटलं की कळतं.

लागोपाठ पुस्तक न देण्याचा नियम कायद्यातला नाही. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आणि त्याखालचे नियम मान्यता, वर्ग, अनुदान, तपासणी हे बघतात, कुठलं पुस्तक कुणाला किती वेळा द्यायचं हे ज्या त्या संस्थेची कार्यकारिणी ठरवते. म्हणजे काउंटरवरच्या बाईंच्या हातात ते नाहीच, त्यांच्याशी वाद घालून फक्त त्या वाईट ठरतात. एका पानाचा अर्ज कार्यवाहांच्या नावाने द्या, 'बालसभासद क्रमांक अमुक याला दिव्यांगत्वामुळे खालील सवलत मिळावी' असा, आणि आवक क्रमांक घ्या. अर्ज आला की तो बैठकीत वाचावा लागतो, तोंडी बोललेलं बैठकीपर्यंत पोचत नाही.

आता आमच्याकडचा किस्सा. एक मुलगा यायचा, त्यालाही असंच, एकच पुस्तक, रेल्वेचं. त्या वर्षीच्या देवघेव रजिस्टरात त्याच्या नावापुढे एकाखाली एक अकरा वेळा तोच दाखल क्रमांक आहे. तपासणीला आलेल्या साहेबांनी बोट ठेवून विचारलं, हे काय, आकडे भरलेत का. मी म्हटलं साहेब मुलगा बघायचाय तर गुरुवारी साडेचारला या. बाराव्या वेळी ते पुस्तक चुकून दुसऱ्या घरात गेलं होतं आणि त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर मी रद्दीवाल्याकडून त्याची दुसरी प्रत पैदा केली, चाळीस रुपयांत.

ही साडेचारची भानगड अशी. आमचं वाचनालय सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८. मी तसाही साडेचारला येऊन झाडून घेतो, मग त्याला तेव्हाच यायला सांगितलं. पंखे बंद, पेपरवाले नाहीत, कुणी बघत नाही. महिन्याभरात तो पाच वाजून गेले तरी बसायला लागला आणि माणसं त्याच्या भोवती येऊन बसली. त्याला गर्दीत आणला असता तर जमलं नसतं, पण गर्दी हळूहळू त्याच्यावर आली तर चाललं. असं का ते मला माहीत नाही, मी शिकलेला नाही त्यातला.

अजून एक. आमच्याकडे फळा आहे, 'काही कारणास्तव वाचनालय उद्या बंद राहील'. तुमच्या-माझ्यासाठी ती एक ओळ आहे, या मुलांसाठी आभाळ कोसळतं. मी त्याच्या आईला आदल्या दिवशी व्हॉट्सॲप करतो. फुकट आहे, मिनिट लागत नाही. तुमच्या अर्जात ही मागणी टाकाच.

आणि तारखेचा शिक्का त्याला मारू द्यायचा. रोज सकाळी रबराची पट्टी फिरवून तारीख बदलायची असते ना, ते काम त्याने माझ्याकडून काढूनच घेतलं.

एमपीएससी_ग्रस्त

कुणाला दुखवायचं नाही, पण दुसरी बाजू पण लिहितो. आमच्यासारखी मुलं अभ्यासिकेत बसतात कारण घरी दोन खोल्यांत सहा माणसं आहेत. महिना पाचशे रुपये देतो ते शांततेचे. कुणाचं लहान मूल ओरडलं तर आम्ही पण वैतागतोच, मग कारण काही असो. ज्येष्ठ नागरिकांचं पण तेच असेल. वेगळी वेळ ठेवली तर कुणालाच त्रास नाही, ते शिक्केवाले काका म्हणतात ते पटलं.

ट्यूबलाइट

हा धागा मैत्रिणीने पाठवला. मी एकतीस वर्षांची आहे, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, ऑटिझमचं निदान सत्ताविसाव्या वर्षी झालं. आयडी वाचून हसू नका, शाळेत सर मला हेच म्हणायचे, आणि गंमत म्हणजे मला खरंच ट्यूबलाइटचा त्रास होतो. जुन्या चोकची ट्यूब असते ना, तिची गुणगुण तुम्हाला ऐकू येत नसेल, मला ती डोक्यात डास शिरल्यासारखी येते.

@एमपीएससी_ग्रस्त, तुझा मुद्दा बरोबर आहे पण एक सांगते. शांततेची गरज त्या खोलीत सगळ्यात जास्त कुणाला असेल तर त्या साडेदहा वर्षांच्या मुलाला. तो आवाज काढतो तो शांतता मोडायला नाही. बाहेरचे पाच आवाज नकोसे झाले की स्वतःचा एक काढायचा, तो आपल्या ताब्यातला असतो. मी अजून ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन करते. 'शांतता राखा' ही पाटी आमच्याच बाजूची आहे खरं तर, फक्त ती आमच्याविरुद्ध वापरली जाते.

लहानपणी मी वाचनालयात तासन्‌तास असायचे. कारण तिथे कुणी 'काय गं, बोलत का नाहीस' विचारत नाही. पुस्तकं कालच्याच जागी असतात. ज्या दिवशी रंगकामासाठी सगळी कपाटं हलवली त्या दिवशी मी दारातून परत आले आणि तीन महिने गेले नाही, आईला वाटलं वाचनाचा कंटाळा आला. म्हणून चिऊताई, अर्जात हे पण टाका की बालविभागाची रचना बदलणार असाल तर आधी सांगा. आणि डांबराच्या गोळ्या! कपाट उघडलं की जो भपका येतो त्याने माझे पुढचे दोन तास जातात. तुमच्या मुलाला वासाचं आहे का ते बघा, असेल तर कपाट आधी उघडून ठेवायला सांगायचं नि मग त्याने जायचं.

हेडफोन घालू द्या, आवाज अडवणारे, बांधकामावरचे कामगार घालतात तसले कानावरचे कप पण चालतात. कुणी टोकलं तर टोकू दे.

वेगळ्या वेळेबद्दल माझं मन दोन्हीकडे आहे. शिक्केवाले काकांनी केलं तसं, हळूहळू मुख्य वेळेत मिसळणारं असेल तर छान. पण 'स्पेशल मुलांचा तास, दुसरा शनिवार' असं झालं की मग बाकीच्या एकोणतीस दिवशी आलात तर 'तुमचा तास शनिवारी ना?' हे ऐकावं लागतं.

अवांतर: 'स्वमग्न' शब्द मला आवडत नाही. मग्न वगैरे काही नसते मी, उलट जरा जास्तच सगळं आत येत असतं. ऑटिझम म्हणा.

थेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये असते, मुलगी आठ वर्षांची, ऑटिस्टिक. इथलं सांगते पण आधीच सांगते की 'तिकडे सगळं सोन्याचं' असा सूर लावणार नाही, २०१० पासून इथे पैशाअभावी शेकडो शाखा बंद झाल्यात, आमची जवळची आता आठवड्यात तीनच दिवस उघडी असते.

पण एक फरक मोठा आहे. इथे लायब्ररी चालवणं ही कौन्सिलची जबाबदारी आहे, १९६४ च्या कायद्याने. आपल्याकडे बहुतेक वाचनालयं म्हणजे संस्था, सरकार अनुदान देतं, आणि महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रंथालय कर नाही त्यामुळे हक्काचा पैसा असा नाही. म्हणून इथे मी जे हक्काने मागते ते तिथे काकांच्या चांगुलपणावर चाललंय. २०१० चा समानता कायदा इथे असं म्हणतो की दिव्यांग व्यक्तीला काय अडचण येईल याचा विचार संस्थेने आधीच करून ठेवायचा, कुणी येऊन रडेपर्यंत थांबायचं नाही.

२०१६ मध्ये डायमेन्शन्स नावाच्या संस्थेने इथल्या मुख्य ग्रंथपालांच्या संघटनेबरोबर ऑटिझम-फ्रेंडली लायब्ररीचं फुकट प्रशिक्षण काढलं, कर्मचाऱ्यांसाठी, छोटा व्हिडिओ वगैरे. आमच्या शाखेत त्यातून काय बदललं? आत गेल्यावर काउंटरवरची बाई लगेच 'हॅलो स्वीटी' करत नाही. एवढंच. डोळ्यात बघत नाही, थांबते, मुलगी स्वतः पुस्तक पुढे सरकवते मग बोलते. मला रडू आलं होतं पहिल्यांदा.

एक आयडिया इथून उचला. काही लायब्रऱ्या वेबसाइटवर फोटोंची गोष्ट ठेवतात, हा दरवाजा, इथे जिना, ही बाई कार्ड बघते, हे टॉयलेट. तुम्ही मोबाइलवर पाच फोटो काढून घरीच करू शकता. फाटक, चप्पल ठेवायची जागा, काउंटर, कपाट, शिक्का. आदल्या रात्री झोपताना दाखवायचे. शेवटचा फोटो घराचा ठेवा, हे विसरू नका, माझ्या मुलीला पहिले दोन महिने वाटायचं आपण आता तिथेच राहणार.

उलटी_वेलांटी

माझं वेगळं आहे, डिस्लेक्सिया, पण त्याच गल्लीतलं आहे म्हणून लिहितो. टाईप करत नाहीये, मोबाइलला बोलून लिहून घेतोय, चुका झाल्या तर मोबाइलच्या.

वाचनालयात माझा पहिलाच अनुभव असा की पुस्तक मागायला आधी चिठ्ठी लिहायची. कपाटं बंद, यादीतून नाव शोधा, क्रमांक नि नाव चिठ्ठीवर लिहा, मग आतला माणूस आणून देणार. अहो ज्याला वाचता लिहिताना घाम फुटतो त्याला पुस्तकापर्यंत जायलाच लेखी परीक्षा! मी नाव लिहिलं, काउंटरवरच्याने मोठ्याने वाचलं, जसं लिहिलं होतं तसंच, सगळे हसले. बारा वर्षांचा होतो. परत गेलो तो तेविसाव्या वर्षी, तिथे मुक्तद्वार पद्धत होती, स्वतः कपाटाशी जाऊन पुस्तक हातात घेऊन बघता येत होतं. तेव्हा मुक्तद्वार हीच माझ्या मते सगळ्यात मोठी सोय आहे आणि तिला कुणी सोय म्हणत पण नाही.

देवनागरीचं लोकांना कळत नाही. ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, म्हणायची नंतर. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो त्याच्या आधी उच्चारायचा. 'वार्षिक' हा शब्द मी अजून तीन उड्या मारून वाचतो. इंग्रजीच्या डिस्लेक्सियाच्या चाचण्या मराठी मुलाला लावून काय कळणार, म्हणून २०१५ मध्ये राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी काढली ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. शाळेत विचारा, बहुतेकांनी नाव ऐकलेलं नसतं.

कायद्याचं विचारलंय ते सांगतो, मला स्वतःला लागलं म्हणून शोधलं होतं. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यात ना ऑटिझम ना आम्ही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस आहेत, त्यात ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) सगळे आले. आणि तो खासगी संस्थांना पण धरतो, 'आम्ही सरकारी नाही' म्हणून हात झटकता येत नाहीत. अर्जात एक ओळ टाका, धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून.

दुसरं, कॉपीराइट. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तकाचं वेगळ्या स्वरूपात रूपांतर केलेलं चालतं, धंदा करायचा नाही फक्त. म्हणजे माझ्या आजोबांनी माझ्यासाठी पुस्तकं टेप करून ठेवली ती चोरी नव्हे. जागतिक पातळीवर त्याचा माराकेश करार आहे, २०१३ चा, आणि तो सगळ्यात आधी मान्य करणारा देश भारत. त्यात फक्त दृष्टिहीन नाहीत, वाचनाची अडचण असलेले पण आहेत. सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे, मराठी पुस्तकं पण आहेत, सभासद होताना प्रमाणपत्र मागतात. आणि छोट्या मुलांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, तिथे कसलंच प्रमाणपत्र नको, मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या, फुकट उतरवून छापता येतात. शिक्केवाले काका, तुम्ही छापून फायली करून ठेवा की.

पणजीकर

पणजीत पाटो भागात कृष्णदास शामा ग्रंथालय आहे आमचं, इमारत बघण्यासारखी, ब्रेल विभाग आहे, मुलांचा विभाग वेगळा. चांगलंच आहे. २०२३ पासून पर्पल फेस्ट पण होतो दिव्यांगांचा. पण एक जाणवतं, फक्त इथलं नाही, सगळीकडचं. रॅम्प केला, ब्रेल ठेवलं की 'दिव्यांगांचं झालं' असा शिक्का बसतो. ज्याला दिसतं, चालता येतं, पण बुद्धीने सावकाश आहे, त्याच्यासाठी काय? माझा भाऊ चाळीस वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग. त्याला वर्तमानपत्र आवडतं. बालविभागात पाठवतात त्याला, छोट्या खुर्चीवर, सशाच्या गोष्टी. अहो त्याला निवडणुकीत रस आहे! मोठ्या माणसाच्या विषयाचं, सोप्या वाक्यांचं, मोठ्या टायपातलं मराठी पुस्तक दाखवा मला कुठे. नवसाक्षरांसाठी पूर्वी निघायची तसली बारीक पुस्तकं, ती कपाटाच्या तळाला गठ्ठा बांधून पडलेली असतात, तीच मी त्याला शोधून शोधून आणतो.

शिक्केवाला

पणजीकर, नवसाक्षरांच्या गठ्ठ्याचं तुम्ही बोललात आणि मी आज आमचा सोडला. साठेक निघाली. शेळीपालन, ग्रामसभा, हृदयविकार, सगळं मोठ्या टायपात. वर्तमानपत्राच्या खोलीत वेगळ्या फळीवर लावली, फळीला नाव काही दिलं नाही मुद्दाम. संध्याकाळपर्यंत तीन जणांनी नेली, त्यातल्या दोघांना मोतीबिंदू आहे.

पैशाचं कुणी विचारत असेल तर कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान दिव्यांग विभागासाठी, बालविभागासाठी अर्थसाहाय्य देतं, अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत जातो. कागद बरेच आहेत. पण वर जे काय लिहिलंय त्यातलं नव्वद टक्के कागदाशिवाय होतं, हेही खरं.

चिऊताई७

दीड महिन्याने लिहितेय, सॉरी. अर्ज दिला. तीनच मागण्या ठेवल्या: पुस्तक चार आठवडे त्याच्या नावावर, बंद असेल तर आदल्या दिवशी मेसेज, आणि पाच वाजायच्या आधी पंधरा मिनिटं आत येऊ द्यायचं. कायद्याची एक ओळ टाकली. कार्यवाहांनी फोन करून पहिल्या दोन मान्य सांगितल्या, तिसरीला म्हणाले कुलूप उघडणारा माणूस पाचलाच येतो, पगार किती देतो ते तुम्हाला माहितीये का. सांगितला. मी गप्प बसले.

मग आम्ही पावणेपाचला जाऊन पायरीवर बसतो. फोटोंची पट्टी केली, घराचा फोटो शेवटी. पाचला कुलूप उघडलं की आम्ही पहिले, पंखे अजून लागलेले नसतात. ट्यूबलाइट ताईंनी सांगितल्यावर लक्ष ठेवलं, डांबर गोळ्यांचंच होतं, कपाटाजवळ गेला की नाक दाबायचा आणि मला वाटायचं खेळतोय. काउंटरवरच्या बाई आता कपाट आधी उघडून ठेवतात. त्यांची भाची पण तशीच आहे म्हणाल्या, पहिल्या दिवशी का नाही बोलल्या कोण जाणे. ती चप्पल पण त्यांचीच होती, दिली परत.

आजोबा अजून कपाळाला आठ्या घालतात. मागच्या मंगळवारी याने त्यांच्या टेबलासमोर उभं राहून कासारी कुंभी तुळशी भोगावती म्हटलं, तर पेपर खाली न करता म्हणाले, सरस्वती राहिली. तेव्हापासून घरी पाच नद्या होतात.

आता नवीन अडचण. पुस्तकाची शिवण सुटलीये, मधली आठ पानं हातात येतात, आणि प्रकाशक म्हणतो आवृत्ती संपली, पुन्हा काढणार नाही. बाइंडिंगला दिलं तर पंधरा दिवस जाणार. काय करू?

शिक्केवाला

बाइंडिंगला देऊ नका. शीर्षकाच्या पानाचा फोटो टाका इथे, आमच्या कपाटात बघतो. नसलंच तर रद्दीवाला रविवारी येतो.